एडी बाहर, आपा

त्या सँडल मी शेवटी गच्चीवर जाळायला घेतल्या, तर त्या जळेनातही. वितळल्या. काळा चिकट गोळा झाला, गल्लीभर धूर झाला, आणि शेजारच्या बाईंनी खिडकीतून डोकं काढून विचारलं, काही मेलंय का तुमच्याकडे? मी म्हटलं, हो, मेलंय. काय ते सांगितलं नाही.

आमच्या घरात आजीच्या जिद्दीची म्हणून एक गोष्ट सांगितली जाते. आजी चाळिशीनंतर सायकलवरून अनंतगिरीच्या डोंगरावर गेली, पाय सुजले, पडली, पण हार मानली नाही वगैरे. नातवंडं ती गोष्ट आपल्या मित्रांना इंग्रजीत सांगतात आणि मी बाजूला बसून देवीसारखी हसते. खरी हकिगत मी आज पहिल्यांदा लिहिते आहे, कारण मराठीची चार वाक्यं सलग वाचायची वेळ आली की आमच्या नातवंडांना जांभया येतात. तेव्हा इथे मी सुरक्षित आहे.

आधी त्या वेळच्या मला सहन करावं लागेल. मी पुण्याची. नवरा मूळचा हैदराबादचा, पण आमचा पहिल्या पंधरा वर्षांचा संसार पुण्यात झाला. मग देशाची दारं उघडली, बाहेरच्या कंपन्यांची कामं हैदराबादेत येऊ लागली, आणि नवऱ्याला त्याच्याच गावात चांगली नोकरी लागली. विद्यानगरच्या घरात वरच्या मजल्यावर आम्ही, खाली मोठे दीर आणि जाऊबाई. जाऊबाई सरकारी शाळेत शिकवायच्या. त्यांचं घराणं चार पिढ्या हैदराबादचं, त्यामुळे त्यांच्या मराठीत 'नक्को' होतं, 'हौ' होतं, 'काय करायलीस' होतं. आणि मी, कालपरवा ट्रंक घेऊन उतरलेली, चारचौघांत त्यांना दुरुस्त करायची. "करायलीस नाही हो वहिनी, करते आहेस." त्या 'हौ' म्हणायच्या आणि भाजी चिरायला लागायच्या. ती बाई आज मला भेटली तर मी तिला जिन्यावरून ढकलून देईन.

मराठीच्या खालोखाल माझा दुसरा माज सायकलीचा. पुण्याच्या मुलीला सायकल शिकवावी लागत नाही, हे वाक्य मी हैदराबादेत उतरल्यापासून पन्नासदा तरी बोलले असेन. तेवढ्यात अमेरिकेतला भाऊ आला. येताना त्याने आपली जुनी गियरची सायकल सुटी करून खोक्यात आणली आणि माझ्यासाठी सेलमधल्या सँडल. दिसायला साध्या, करड्या, पट्ट्यांच्या, बोटं उघडी. पण तळव्यात लोखंडाचा एक चपटा तुकडा बसवायचा आणि तो पेडलला खटकन अडकवायचा. पाय पेडलला जखडला की खाली दाबतानाही जोर लागतो आणि वर ओढतानाही, असं भावाचं म्हणणं. दोन दिवसांत तो परत गेला. पाय अडकवायचा कसा ते त्याने दाखवलं होतं. सोडवायचा कसा, ते मी विचारलं नाही. पुण्याच्या मुलीने सायकलबद्दल विचारायचं म्हणजे काय?

सँडल एक नंबर मोठ्या होत्या. तेही मी कुणाला सांगितलं नाही.

नवऱ्याच्या ऑफिसात तेव्हा पाचसहा तरुणांना सायकलीचं खूळ लागलं होतं. नवा पगार, नव्या सायकली, कुठे दामटायच्या हा प्रश्न. त्यांनी ठरवलं, एका रविवारी पहाटे निघायचं आणि मोईनाबाद, चेवेल्ला, विकाराबाद करत अनंतगिरी गाठायची. ऐंशी किलोमीटरच्या आसपास. मागून जीप असणार, तिच्यात जेवणाचे डबे आणि बायका, आणि जो दमेल त्याने जीपमध्ये बसायचं. येताना सगळ्यांनीच गाडीने यायचं. नवऱ्याने हे घरी सांगितलं तेव्हा त्याच्या मनात माझी जागा जीपमध्येच होती. मी म्हटलं, मी सायकलवर येणार. जाऊबाई पोळ्या लाटत होत्या. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "जा की. जीपमध्ये तुझ्या जागेवर रुमाल टाकून ठेवते."

झालं. माझ्या डोक्यात गेलं ते. मी तिथल्या तिथे सांगून टाकलं की मेले तरी जीपमध्ये पाय ठेवणार नाही, अनंतगिरीला सायकलवरच पोचेन, आणि नाही पोचले तर पुन्हा सायकलीचं आणि पुण्याचं नाव काढणार नाही. दीर म्हणाले, पुण्याचं नाव नाही? मग तर देव करो आणि ही न पोचो. सगळे हसले. मी हसले नाही. तेव्हा मला हसता येत नसे.

सँडलला ते लोखंड बसवायला मी नामपल्लीला गेले. स्टेशनजवळच्या एका गल्लीत सायकलीचे एक म्हातारे मिस्त्री बसायचे. पांढरी दाढी, मांडीवर काळं फडकं. असली वस्तू त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. सँडल हातात घेऊन त्यांनी उलटीपालटी केली, पेडलला लावली, दाबली, सोडवली, पुन्हा दाबली. दहा मिनिटांत त्यांना सगळं यंत्र समजलं. स्क्रू आवळून झाल्यावर त्यांनी मला सायकलवर बसवलं, एका हाताने सीट धरली, आणि मी पाय अडकवायच्या आधीच, बहिणीला म्हणावं तसं, फार मायेने म्हणाले, "एडी बाहर, आपा."

आता हैदराबादच्या माणसाला यात काही वावगं दिसणार नाही. पण माझं हिंदी शाळेत रटलेलं, आणि कान पुण्याचे. मला ऐकू आलं 'येडी'. येडी बाहेर. म्हणजे वेड्यांच्या इस्पितळातून सुटून बाहेर पडलेली. चाळिशीतली बाई, साडी सोडून नवऱ्याची पँट घातलेली, असल्या चपला आणि असली सायकल. मिस्त्रींना तसं वाटलं असतं तरी मी काय बोलणार होते? पण मी बोलले. "येडी किसको बोलता है तुम?" म्हणून जे सुरू झाले ते सगळी गल्ली गोळा होईपर्यंत. मिस्त्री बिचारे आपल्या पायाकडे बोट दाखवत होते. मी त्याचा अर्थ असा लावला की हे मला पायाची धूळ समजतात. मजुरीची नोट त्यांच्या फडक्यावर टाकली आणि सायकल हातात धरून तरातरा निघाले. तळव्याखाली लोखंड खटखट वाजत होतं. मागून ते ओरडत होते, "आपा, सुनो तो, एडी बाहर," आणि गल्ली हसत होती. मी वळूनसुद्धा पाहिलं नाही. हैदराबादेत बायकांना कसं वागवतात यावर मी त्या दिवशी जाऊबाईंना अर्धा तास व्याख्यान दिलं.

मग सराव. विद्यापीठाच्या आवारात सकाळी रस्ते रिकामे असायचे, थांबायची वेळच यायची नाही. घरी आलं की मी कुंपणाच्या भिंतीला टेकायचे, वाकून सँडलच्या पट्ट्या चर्रकन उघडायचे आणि पाय बाहेर काढायचे. सँडल पेडललाच लटकलेली. मला वाटलं, अमेरिकेतली रीत अशीच. नाहीतर सँडलला पट्ट्या कशाला दिल्या असत्या? स्वतःच्या हुशारीवर मी खूष होते. महिनाभर रोज ही बाई कुंपणाला लटकून चपलेतून पाय उपसत होती आणि स्वतःला हुशार समजत होती.

आणि त्या सँडलचा वास. तो लिहिताना आजही माझं नाक आक्रसतं. वरून उघड्या, म्हणून हवेशीर असतील असं वाटेल कुणाला. छे. आतला तळवा स्पंजासारखा होता आणि हैदराबादचा घाम तो पिऊन ठेवायचा. आठवड्याभरात त्यांना मोड आणून विसरलेल्या मटकीचा वास यायला लागला, पुढच्या आठवड्यात नासक्या ताकाचा. बोटांच्या जागी काळे, तुळतुळीत, ओलसर खड्डे पडले. हात लावला तर बोट चिकटायचं. मी साबणाने धुतल्या, लिंबू चोळलं, उन्हात घातल्या, तर उन्हात वास शिजायचा. जोडव्याच्या कडेने पट्टी घासून बोटाची साल निघाली आणि तिथून पिवळं पाणी यायला लागलं. त्यावर हळद दाबून मी पुन्हा तोच पाय त्याच चिकट खड्ड्यात घालायचे. जाऊबाईंनी सँडल जिन्याखाली ठेवायला बंदी केली. तिथे मांजर झोपायचं, ते सोडून गेलं होतं.

त्या रविवारी पहाटे निघालो. आदल्या रात्री पाऊस झालेला, रस्ते धुतलेले, मेहदीपट्टणमपर्यंत सिग्नलसुद्धा झोपलेले. ती तरुण मुलं पुढे, मी मागे, पण फार मागे नाही. मोईनाबादनंतर दुतर्फा वडाची झाडं लागली आणि मला इतकं बरं वाटलं की मी मनातल्या मनात जाऊबाईंना ऐकवायची वाक्यं जुळवायला लागले. खरं सांगते, सायकल चालवता येत होती मला. तेवढं श्रेय त्या बाईला द्यायला हवं. थांबता येत नव्हतं, इतकंच.

चेवेल्ला मागे पडलं आणि थोड्या वेळाने म्हशी आडव्या आल्या. वीसपंचवीस. संथ, काळ्या, कुणाच्या बापाची घाई नसलेल्या. मी ब्रेक दाबला. सायकल थांबली. पाय खाली टेकायचा म्हणून ओढला, तर तो पेडलला घट्ट. पट्टी उघडायला वाकले, आणि वाकल्यामुळेच तोल गेला. पडताना मला रस्त्याच्या कडेला तपकिरी मऊ ढीग दिसला. माती आहे, लागणार नाही, एवढा विचार करायला वेळ मिळाला.

माती नव्हती. त्या भागात कोंबड्यांच्या पोल्ट्र्या फार, आणि शेतात टाकायला त्यांचं खत ट्रॅक्टरने आणून रस्त्याकडेला ओततात. रात्रीच्या पावसाने ते भिजून फुगलं होतं. मी डाव्या कुशीवर कोपरापर्यंत आत गेले. वरून सालपट धरलं होतं, आत ऊन होतं. ऊन. ते उष्ण, बुळबुळीत, पिसं मिसळलेलं काहीतरी माझ्या बाहीत शिरलं, कानामागे गेलं, आणि सँडलच्या उघड्या बोटांमधून आत येऊन स्पंजात मुरलं. वास नाकाला लागला नाही, तो सरळ डोळ्यांना लागला. अळ्या होत्या. त्या मी नंतर पाहिल्या. जोडव्यांखाली जे बसलं ते मी पुढे आठ दिवस टाचणीने कोरून काढत होते. आणि दोन्ही पाय अजून सायकलला अडकलेले. उलट्या झुरळासारखी मी सायकलसकट पाय झाडत होते. म्हशी थांबून बघत होत्या. त्यांच्या मागच्या म्हाताऱ्याने डोक्याचं मुंडासं सोडून नाकाला लावलं.

पुढे गेलेल्यांपैकी एक मुलगा मागे वळून आला. ऑफिसात तो नवऱ्याच्या हाताखाली होता, म्हणून त्याला हसता येईना. तीन पावलांवर उभा राहून, तोंडावर रुमाल धरून तो म्हणाला, "मॅडम, एडी. एडी बाहर घुमाइए."

हासुद्धा, माझ्या मनात आलं. अशा अवस्थेतल्या बाईला हासुद्धा येडी म्हणतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते अपमानाचं की अमोनियाचं, सांगता येणार नाही. मी काही करत नाही असं बघून त्याने स्वतःचा पाय उचलला, टाचेवर बोट ठेवलं, टाच बाहेरच्या बाजूला वळवून दाखवली आणि पुन्हा म्हणाला, "एडी."

टाच. एडी म्हणजे टाच.

मी टाच बाहेर वळवली. खट. पाय सुटला. दुसरी वळवली. खट. इतकं सोपं होतं ते, आणि महिन्यापूर्वी एका म्हाताऱ्या माणसाने माझी सीट धरून, जीव तोडून, गल्लीभर माझ्यामागे ओरडून मला तेच सांगितलं होतं. त्या खतात बसल्या बसल्या मला जी किळस आली ती खताची नव्हती. (मिस्त्रींकडे मी नंतर गेले, हे इथेच सांगून टाकते. माफी मागायची वाक्यं पाठ करून गेले होते. त्यांना मी आठवतही नव्हते. सँडल तेवढी ओळखली. पकडीत धरून लांब केली आणि विचारलं, इसमें क्या मरा, आपा?)

आता माझ्यात काही उरलं नव्हतं. कोपर सोललेलं, बोटं सुजून पट्टीबाहेर आलेली. मी सँडल काढल्या, आणि म्हशीवाल्याने दुरूनच त्याच्या कॅनमधलं पाणी ओतलं. वरचं गेलं, मुरलेलं मुरलंच. मी त्या मुलाला पुढे जायला सांगितलं आणि जीपची वाट बघत दगडावर बसले. बसले म्हणजे ठरवलंच होतं. चढायचं जीपमध्ये, सहन करायचे जाऊबाईंचे टोमणे, आणि पुण्याचं नाव जन्मात काढायचं नाही.

जीप आली. पुढे ड्रायव्हरशेजारी नवरा, मागे जाऊबाई आणि ऑफिसातल्यांच्या तीन बायका, मधोमध डबे. जाऊबाईंनी पहाटे उठून सगळ्यांसाठी खिचडी आणि चिंचेचा खट्टा केला होता. खरोखरच एका जागेवर रुमाल टाकलेला होता. मी मागच्या पायरीवर पाय ठेवला आणि म्हटलं, वहिनी, हरले.

मग एका बाईंनी पदर तोंडात कोंबला आणि दुसऱ्या बाजूने खाली उडी मारली. दुसरीला उमासा आला. जाऊबाईंनी डब्यांवर दोन्ही हात पसरले, जणू मी झडपच घालणार होते. मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून त्या म्हणाल्या, "नक्को बाई. आत नक्को. बारा जणांचं जेवण आहे."

मी म्हटलं, वहिनी, मी खरंच हरले हो. पाय उचलत नाही.

"ते कळायलंय मला," जाऊबाई म्हणाल्या. "पण तू सायकलवरच बरी दिसायलीस."

मी नवऱ्याकडे पाहिलं. पंधरा वर्षांच्या संसाराच्या नावाने पाहिलं. तो आधी आकाशाकडे बघत होता. मग म्हणाला, वारा लागला की सुकेल. आणि हळूच पुढे म्हणाला, तू पुढे नको राहूस, वारा समोरचा आहे. मागून ये. मागून येणारी जीप त्यानंतर माझ्यापुढे गेली. तिच्या कापडी पडद्यांची बटणं आतून पटापट लागताना मी ऐकली.

सँडल न घालता ते पेडल मारता येत नाही. चार बोटांएवढा लोखंडी गोळा तो, अनवाणी पायाला रुततो. म्हणून मी त्या पुन्हा घातल्या. पाय आत गेला तेव्हा पच्चकन आवाज झाला आणि बोटांमधून तपकिरी बुडबुडे वर आले. तो आवाज मी अजून विसरले नाही. विकाराबादपर्यंत दर फेरीला पच्च, पच्च. माशा माझ्याबरोबर निघाल्या होत्या, आणि चढावर माझा वेग कमी झाला की त्या पुढे जाऊन वाट बघायच्या. रस्त्यावरची कुत्री भुंकत यायची आणि जवळ आल्यावर गप्प व्हायची. शेवटच्या घाटात मी तीनदा थांबले. तिन्हीदा टाच वळवून, पाय टेकून, रीतसर. थांबून रस्त्याकडेला ओकले आणि पुन्हा निघाले. जिद्द वगैरे काही नव्हतं. जायला दुसरी जागा नव्हती.

वर पोचले तेव्हा सगळे देवळाच्या पायऱ्यांवर बसले होते. त्या मुलांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. एकजण म्हणाला, मॅडमनी जीपमध्ये बसायला नकार दिला ना? मी तोंड उघडलं. खरं सांगायलाच उघडलं होतं, शपथेवर. पण जाऊबाई मध्येच बोलल्या.

"हौ तर," त्या म्हणाल्या. "किती म्हटलं आम्ही, बस बाई, बस. ऐकायलीच नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खिचडी वाढत होत्या. आणि मी उघडलेलं तोंड मिटलं. आयुष्यात घेतलेल्या भिकांपैकी ती सगळ्यात मोठी, आणि मी ती आभार न मानता घेतली.

माझं पान सगळ्यांपासून वीस पावलांवर, वारा जिकडे जातो त्या बाजूला, एका चिंचेखाली मांडलं होतं. टाळ्या वाजवणाऱ्यांतलं कुणी तिकडे फिरकलं नाही. मी सँडल काढून शक्य तितक्या लांब फेकल्या, त्या फार लांब गेल्या नाहीत. डावा हात खतात बुडालेला, उजवा बरा होता. एक घास घेतला तर खट्ट्यालासुद्धा कोंबड्यांचा वास. थुंकावंसं वाटलं, पण पहाटे चारपासून पोटात काही गेलं नव्हतं, आणि होतं ते घाटात गेलं होतं. गिळला. दुसराही गिळला. पान संपवलं.

जाऊबाई पातेलं घेऊन आल्या. नाकाला पदर, हात जेवढा लांब करता येईल तेवढा लांब. डाव वरूनच उलटा केला. निम्मी खिचडी पानात पडली, निम्मी मातीत.

"अजून पाहिजे तर सांग," त्या पदरातून म्हणाल्या. "पण उठू नक्को."